एका ओळीच्या आज्ञेमागील कोठार

सुताराच्या पेटींत करवत, रंधा, पटाशी, गिरमिट अशीं हत्यारें असतात आणि प्रत्येकाचें काम ठरलेलें असतें. कापणें, तासणें व भोंक पाडणें हीं तिन्ही कामें एकाच अवजारानें उरकणारा सुतार अद्यापि कोणाच्या पाहण्यांत नाहीं. संगणकाच्या जगांत हेंच तत्त्व मनोभावें अंगीकारिलें तें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें. न्यू जर्सी संस्थानांतील मरे हिल येथें १९६९ सालीं केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाच्या कार्यप्रणालीस हात घातला. तिच्याशीं व्यवहार करावयाचा तो चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर टंकयंत्रावर एक ओळ लिहून. या ओळीस कमांड म्हणतात. ओळ लिहिली कीं यंत्र तेवढें काम करतें, उत्तर छापतें आणि पुढील आज्ञेची वाट पाहात बसतें.

युनिक्सकर्त्यांचा कटाक्ष असा कीं, एका कमांडनें एकच काम करावें, पण तें चोख करावें. ‘ग्रेप’ ही कमांड ढीगभर मजकुरांतून हव्या त्या शब्दाच्या ओळी तेवढ्या वेंचून काढते. ‘सॉर्ट’ त्या क्रमानें लावते. ‘डब्ल्यूसी’ त्या मोजते. १९७३ सालीं डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहावरून टॉम्प्सन यांनीं ‘पाइप’ची, म्हणजे नळीची, सोय केली. एका हत्याराच्या मुखांतून पडलेला मजकूर तींतून थेट दुसऱ्याच्या पोटांत जाऊं लागला. लहान लहान हत्यारें एकमेकांस जोडून मोठीं कामें करावयाचीं ही रीत येथून रूढ झाली, आणि ती आज पन्नास वर्षें उलटल्यावरहि मोडलेली नाहीं. परंतु हत्यारें जितकीं लहान, तितकी त्यांची संख्या मोठी. आणि संख्या मोठी म्हटली कीं कोठाराचा प्रश्न आलाच. तीं ठेवावयाचीं कोठें, एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यावयाचीं कशीं, आणि झिजलेल्या हत्याराच्या जागीं नवें घालावयाचें कोणीं?

प्रारंभीं तीं चुंबकीय फितीच्या रिळांवरून प्रवास करीत. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाचे बिल जॉय यांनीं १९७८ सालीं आपल्या हत्यारांचा पहिला संच असाच टेपवर भरून धाडला; त्या संचाच्या सुमारें तीस प्रती गेल्या. टेपवर येई तो बहुधा प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स. त्यापासून आपल्या यंत्रास समजेल असा चालता प्रोग्रॅम घडविण्याचें काम ज्याचें त्यानें करावयाचें. शिंप्यानें शिवलेला अंगरखा न देतां कापड, दोरा व बेतणीचा कागद पाठवावा, तसा हा प्रकार होता. बेल प्रयोगशाळेंतीलच स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं ‘मेक’ हें हत्यार रचून कोणता भाग आधीं शिवावा व कोणता नंतर याचा हिशेब यंत्राकडे सोंपविला. पुढें १९९१ सालीं डेव्हिड मॅकेन्झी यांच्या ‘ऑटोकॉन्फ’नें आपलें यंत्र कोणत्या जातीचें आहे हें तपासण्याचा त्रासहि वांचविला. गठडी सोडावी, ‘कॉन्फिगर’ म्हणावें, ‘मेक’ म्हणावें, शेवटीं ‘मेक इन्स्टॉल’ म्हणावें, हा मंत्र त्या पिढीच्या प्रत्येक संगणकज्ञास मुखोद्गत होता.

मंत्र सिद्ध झाला म्हणजे हत्यार चालूं लागे. अडचण निघे ती त्यानंतर. ‘मेक इन्स्टॉल’ हा घरीं आलेल्या अशा पाहुण्यासारखा, कीं ज्यानें आपला बिछाना माडीवर टाकला, छत्री पडवींत टांगली, पानसुपारीचा डबा देवघरांत ठेवला आणि यांतील एकहि गोष्ट यजमानास सांगितली नाहीं. चालता प्रोग्रॅम एका दालनांत जाई, त्याची माहितीपुस्तिका दुसऱ्यांत, त्याच्या उपयोगाचे सामायिक भाग तिसऱ्यांत. कोठें काय ठेवलें याची नोंद कोणी ठेवीत नसे. हत्यार काढून टाकावयाचें ठरलें तर काय काय काढावें हें कळेना. नवी आवृत्ति घालावी तर जुनीचे अवशेष तिच्या पायांत येत. एका यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्यानें हें सोसलें असतें. शंभर यंत्रें ज्याच्या माथीं असत, त्याची दशा कल्पनेनेंच जाणावी.

ऑगस्ट १९९१ मध्यें हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सची घोषणा केली आणि हा प्रश्न मूठभर प्रयोगशाळांच्या बाहेर पडून सामान्य हौशी माणसाच्या दारीं आला. लिनक्स म्हणजे केवळ कार्यप्रणालीचा गाभा. त्याभोंवतीं हत्यारें जमवून, सर्वांची एकत्र घडी बसवून देणें हें निराळेंच काम. आणि तें अंगावर घेणारे लोक लवकरच पुढें आले. १९९२ मधील ‘एस्.एल्.एस्.’ हा असा एक बहुप्रचलित संच. तो लोकप्रिय होता, पण त्यांतील चुका दुरुस्त होत नसत अशी सार्वत्रिक तक्रार होती. या तक्रारींतून १९९३ सालीं दोन संच जन्मास आले. जुलैमध्यें पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनीं एस्.एल्.एस्. सुधारून ‘स्लॅकवेअर’ काढला. तो आजहि चालूं आहे. पुढच्याच महिन्यांत, १६ ऑगस्ट रोजीं, अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत शिकणाऱ्या वीस वर्षांच्या इयन मर्डॉक यांनीं ‘डेबियन’ची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा, जी पुढें त्यांची पत्नी झाली, तिचें नांव आणि स्वतःचें नांव यांचा हा संधि.

मर्डॉक यांचा विचार पुष्कळ दूरचा होता. एका माणसानें कितीहि खपून सर्व हत्यारांची निगा राखतां येणार नाहीं. तेव्हां प्रत्येक हत्याराचा एक पालक असावा, त्यानें तें एका ठराविक रीतीनें बांधून द्यावें, आणि अशा शेंकडों परक्या हातांनीं बांधलेल्या गठड्या एकत्र आल्या तरी त्यांनीं एकमेकींशीं भांडूं नये, अशी योजना त्यांनीं मांडली. या गठडीस पॅकेज हें नांव आहे. पॅकेजांत हत्याराबरोबर एक चिठ्ठी असते. माल कोणता, आवृत्ति कोणती, पालक कोण, हें तींत लिहिलेलें असतेंच. शिवाय हें हत्यार चालावयास दुसरीं कोणतीं लागतात, कोणतीं असल्यास बरें, आणि कोणत्याशीं याचें वितुष्ट आहे, हेंहि नमूद असतें. चिठ्ठी वाचून माल जागच्या जागीं लावणारा, आणि लावलेल्या प्रत्येक वस्तूची वहींत नोंद ठेवणारा जो प्रोग्रॅम, तो पॅकेज मॅनेजर. जुन्या वाड्यांतील कोठावळ्याचेंच हें काम. डेबियनच्या कोठावळ्याचें नांव ‘डीपीकेजी’. त्याचा पहिला कच्चा अवतार मर्डॉक यांचाच, व पुढें इयन जॅक्सन यांनीं तो सी भाषेंत नव्यानें लिहिला. ज्याची नोंद आहे तें काढतांहि येतें, ही साधी गोष्ट त्यानें हौशी माणसाच्या आटोक्यांत आणली.

१९९५ सालीं ‘रेड हॅट’ या कंपनीच्या मार्क युइंग व एरिक ट्रोअन यांनीं ‘आरपीएम’ हा दुसरा कोठावळा पुढें आणला. लिनक्सच्या जगांत तेव्हांपासून हीं दोन घराणीं पडलीं, आणि त्यांच्या अभिमान्यांचे वाद संगीतांतील घराण्यांच्या वादांहून कमी रंगले नाहींत.

१७ जून १९९६ रोजीं डेबियनची १.१ ही आवृत्ति बाहेर पडली तेव्हां तींत ४७४ पॅकेजें होतीं. (त्या आवृत्तीचें ‘बझ’ हें टोपणनांव एका चित्रपटांतील खेळण्याचें, कारण तेव्हां डेबियनची धुरा वाहणारे ब्रूस पेरेन्स हे तो चित्रपट काढणाऱ्या पिक्सार कंपनींत नोकरीस होते.) चारशें चौऱ्याहत्तर वस्तूंचा कोठावळा चिठ्ठी वाचून सांगे, “या मालास अमुक दुसरा माल हवा, तो येथें नाहीं, सबब लावीत नाहीं.” येथपर्यंत ठीक. पण तो दुसरा माल शोधून आणण्याचें काम त्याचें नव्हे. धन्यानें तो शोधून आणावा, तर त्यास तिसरा लागे, तिसऱ्यास चौथा. आणि चौथा मिळाला म्हणावें तों त्याचें आधींच घरांत असलेल्या पांचव्याशीं वांकडें निघे. संगणकज्ञांनीं या अवस्थेस ‘अवलंबनांचा नरक’ असें नांव दिलें आहे, आणि ज्यांनीं ती भोगली त्यांस त्यांत अतिशयोक्ति वाटत नाहीं.

या गुंत्याचें मूळ काटकसरींत आहे. अक्षरें छापणें, चित्र उलगडणें, गुप्तलेखन करणें हीं कामें शेंकडों प्रोग्रॅमांस लागतात. प्रत्येकानें तीं स्वतः लिहिलीं तर जागा व श्रम दोन्हीं वायां जातात. म्हणून तीं एकदांच लिहून सामायिक लायब्ररींत ठेवावयाचीं असा प्रघात पडला. एका विहिरीवर सारें गांव पाणी भरूं लागलें कीं विहीर उपसण्याचा दिवस ठरविणें जसें कठिण, तसें येथेंहि होतें. एका प्रोग्रॅमास लायब्ररीची नवी आवृत्ति हवी असते, दुसऱ्यास जुनीच मानवते. हजारों पॅकेजांतून सर्वांच्या अटी एकदम पाळणारी निवड अस्तित्वांत आहे कीं नाहीं, हा प्रश्न गणितांतील अत्यंत कठिण मानलेल्या प्रश्नांच्या वर्गांत बसतो असें युरोपांतील संशोधकांनीं २००६ च्या सुमारास दाखवून दिलें. कोठावळे मात्र तत्पूर्वीं कित्येक वर्षें आपल्या व्यवहारचातुर्यावर तो रोज सोडवीत आले होते.

त्या चातुर्याचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे ‘एपीटी’, म्हणजेच ‘ॲप्ट’. १९९८ सालीं तें तयार झालें आणि ९ मार्च १९९९ रोजीं निघालेल्या डेबियन २.१ बरोबर सर्वांच्या हातीं पडलें. प्रथम त्याचें नांव ‘डीइटी’, म्हणजे ‘देवता’, असें योजिलें होतें. धार्मिक भावनांस धक्का लागेल या शंकेनें तें सोडण्यांत आलें. कोठावळा घरांतील वहीपुरता पाहात असे. ॲप्ट दूरच्या पेठेची संपूर्ण यादी आणून तीहि वाचूं लागलें. ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ आणि हत्याराचें नांव, एवढी ओळ लिहिली कीं लागणाऱ्या सर्व गठड्यांची यादी तें आपणच करतें, पुढें जावें कीं नाहीं असें विचारतें, आणि होय म्हटलें कीं साऱ्या गठड्या तारेवरून आणून योग्य क्रमानें लावून मोकळें होतें. ज्या कामांत रविवार जावयाचा, तें चहा निवण्यापूर्वीं होऊं लागलें. कर्त्यांस विनोदाचें वावडें नव्हतें. ‘ॲप्ट-गेट मू’ अशी आज्ञा केल्यास पडद्यावर अक्षरांनीं काढलेली एक गाय उभी राहते.

रेड हॅटच्या घराण्यांत हेंच कार्य ‘यम’नें केलें. ड्यूक विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांतील यंत्रें सांभाळतां सांभाळतां सेथ व्हिडाल व मायकेल स्टेनर यांनीं तें घडविलें. २०१५ सालीं फेडोरा २२ मध्यें त्याची जागा ‘डीएनएफ’नें घेतली. बर्कलीच्या परंपरेंतील ‘फ्रीबीएसडी’नें मात्र निराळा मार्ग धरला. जॉर्डन हबर्ड यांनीं १९९४ सालीं सुरू केलेल्या ‘पोर्ट्स’मध्यें शिवलेला अंगरखा येत नाहीं, कापड कोठें मिळेल आणि कसें बेतावें याची टिपणें तेवढीं येतात, व शिवणकाम घरच्या यंत्रावर होतें.

हबर्ड पुढें ॲपल कंपनींत गेले. मॅक ओएस एक्सचा पाया युनिक्सच्या वंशांतलाच. पण २००१ सालीं तें बाहेर पडलें तेव्हां त्यांत कोठावळा नव्हता. ती उणीव प्रथम ‘फिंक’नें, मग ‘मॅकपोर्ट्स’नें भरून काढण्याचा यत्न केला. खरी लोकप्रियता लाभली ती २००९ सालीं मॅक्स हॉवेल यांनीं रूबी भाषेंत लिहिलेल्या ‘होमब्रू’ला. घरगुती बीअर गाळण्याच्या कल्पनेवर त्याची सारी परिभाषा उभी आहे. कृतीचें टिपण तें ‘फॉर्म्युला’, माल ठेवावयाचें तळघर तें ‘सेलर’, तयार माल तो ‘बॉटल’, आणि बाहेरून टिपणें पुरविणारी पिंपाची तोटी ती ‘टॅप’. जन्मांत मद्यास न शिवलेल्या कित्येकांस त्यामुळें दिवसांतून दहा वेळां ‘ब्रू इन्स्टॉल’ लिहिण्याचा योग आला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर २०११ सालीं स्वतंत्रपणें ‘चॉकलेटी’ निघालें होतें. खुद्द कंपनीनें आपला ‘विनगेट’ मे २०२० मध्यें जाहीर केला, म्हणजे डेबियनच्या मागून पंचवीसाहून अधिक वर्षांनीं.

सोय वाढली तसें परावलंबनहि वाढलें. जावास्क्रिप्ट भाषेच्या लेखकांसाठीं २०१० सालीं ‘एनपीएम’ हें कोठार निघालें. तेथें कोणीहि गठडी आणून ठेवावी, कोणीहि न्यावी. एका पॅकेजाच्या नांवावरून एका कंपनीशीं वाद झाला, निकाल कंपनीच्या बाजूनें लागला, आणि संतापलेल्या लेखकानें २२ मार्च २०१६ रोजीं आपलीं सर्व, म्हणजे २७३, पॅकेजें कोठारांतून उचललीं. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचें एक होतें. अकरा ओळींचा प्रोग्रॅम. काम काय, तर एखादा शब्द ठराविक लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूस मोकळ्या जागा घालणें. या अकरा ओळींवर कोणी, त्यांवर आणखी कोणी, अशा शिडीनें हजारों प्रोग्रॅम अवलंबून होते. ते एकाएकीं बांधले जाईनात. कोठाराच्या चालकांनीं कांहीं तासांतच त्या ओळी लेखकाच्या संमतीवांचून परत जागेवर ठेविल्या, आणि मागाहून माल काढून नेण्याचे नियम कडक केले. लेखकाचा संताप समजण्यासारखा होता. ज्यांनीं शब्दाच्या डाव्या बाजूस जागा सोडण्यासाठींहि परक्याचें दार ठोठावलें होतें, त्यांचा विचार कोणत्या शब्दांत करावा हें कठिण आहे.

लेफ्ट-पॅडनें कामें अडलीं, घर लुटलें गेलें नाहीं. कोठावळा जी वस्तु लावतो ती यंत्राच्या सर्वाधिकारांनिशीं लावतो. तेव्हां त्याच्या हातीं विष आलें तर तो तेंहि तितक्याच इमानानें लावील. केन टॉम्प्सन यांनीं ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व १९८४ सालीं छापलेल्या भाषणांत हीच भीति मांडली होती कीं, जो प्रोग्रॅम आपण स्वतः लिहिला नाहीं त्यावर पूर्ण विश्वास टाकतां येत नाहीं. डेबियननें एप्रिल २००७ च्या ४.० आवृत्तीपासून ॲप्टमध्यें सहीची तपासणी आणली. पेठेच्या यादीवर चालकांची गुप्तलेखी सही, यादींत प्रत्येक गठडीची ठशासारखी खूण. वाटेंत कोणी माल बदलला तर खूण जुळत नाहीं. यामुळें वाटमारी थांबते. पेठेंतच चूक झाली तर सहीचा कांहीं उपयोग नाहीं.

आणि चूक त्यापूर्वींच होऊन बसली होती. सप्टेंबर २००६ मध्यें डेबियनच्या एका पालकानें ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररींतील दोन ओळी गाळल्या. ‘व्हॅलग्राइंड’ या तपासनीस हत्याराची कुरकुर थांबावी एवढाच त्यांत हेतु होता. परंतु किल्ल्या घडवितांना लागणारी अनिश्चितता त्या ओळींतूनच येत होती. त्या गेल्यावर एका जातीच्या व मापाच्या जास्तींत जास्त ३२,७६८ निरनिराळ्या किल्ल्या निघूं शकत. कोणत्याहि चोरास तेवढ्या सर्व लावून पाहणें सहज शक्य. १३ मे २००८ रोजीं ही गोष्ट उघड झाली आणि जगभर असंख्य किल्ल्या मोडून नव्या घडवाव्या लागल्या. दीड वर्षाहून अधिक काळ हा माल खरी सही घेऊन, रीतसर, घरोघर पोहोंचत होता.

इतकें होऊनहि कोठारें ओस पडलीं नाहींत. फेब्रुवारी २००९ मधील डेबियन ५.० च्या स्थापनेच्या वेळीं निवडावयाच्या भाषांत मराठीची भर पडली. जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तींत पॅकेजांची संख्या ६४,४१९ होती. इयन मर्डॉक ती पाहावयास नव्हते. २८ डिसेंबर २०१५ रोजीं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें.

‘एक्सझेड’ हें मजकूर दाबून लहान करण्याचें हत्यार. फिनलंडमधील लास्से कॉलिन हे तें वर्षानुवर्षें बिनमोबदला, फावल्या वेळांत सांभाळीत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ हें नांव धारण करणारी व्यक्ति त्यांस मदत करूं लागली. काम चांगलें, बोलणें विनयाचें. मधल्या काळांत कांहीं अपरिचित नांवांनीं कॉलिन यांच्या संथपणाविषयीं तक्रारींचा लकडा लावला. दमलेल्या माणसानें हळूहळू कारभार मदतनिसाच्या हातीं दिला. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्यें निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्या मदतनिसानें एक चोरदरवाजा दडविला. तो सर्वांस दिसणाऱ्या सोर्समध्यें संपूर्ण नव्हता. तो जागा करणारी कळ प्रकाशनाच्या गठडींत तेवढी होती. दूरच्या यंत्रांत शिरण्याचें जें ‘एसएसएच’ हें दार, त्याचा एक्सझेडशीं स्वतःचा कांहीं संबंध नाहीं. परंतु डेबियन व फेडोरा यांनीं आपल्या सोयीसाठीं त्यास दुसरी एक लायब्ररी जोडली होती आणि ती एक्सझेडवर अवलंबून होती. अवलंबनाच्या शिडीनेंच चोर चढला.

त्यास पकडलें तें अर्ध्या सेकंदानें. मायक्रोसॉफ्टमधील आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या प्रणालीचा वेग मोजीत असतां एसएसएचच्या प्रवेशास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें त्यांच्या ध्यानीं आलें. व्हॅलग्राइंडची एक जुनी कुरकुर त्यांना आठवली. या खेपेस ती ऐकली गेली. शोध करीत ते मुळापर्यंत पोहोंचले आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यांनीं तो दरवाजा जगजाहीर केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत हा माल अद्याप आला नव्हता. चांचणीच्या शाखांत तो आला होता.

तेथून तो काढावयाचा, तर आणखी एक अडचण. कोठावळ्याची समजूत अशी कीं, ज्याचा अंक मोठा ती आवृत्ति नवी, आणि जुनीकडे तो आपणहून कधीं वळत नाहीं. पालकांस ५.४.५ ही निर्दोष जुनी आवृत्ति परत द्यावयाची होती, पण ५.६.१ हून लहान अंक दिला तर एकाहि यंत्रानें ती घेतली नसती. तेव्हां त्यांनीं गठडीवर असा अंक घातला: ५.६.१+रिअली५.४.५-१. कोठावळ्यानें तो वाचला, पूर्वीच्याहून मोठा ठरविला, आणि जुना माल नवा म्हणून मुकाट्यानें जागेवर लावला.